बस बघा, मग शाळा बघा

मार्चच्या सुरुवातीला आलेलं पत्र आहे, लांब होतं, जरा कमी करून देते:

"मावशी, नमस्कार. आमचं गाव बेळगाव-वेंगुर्ला रोडला, उचगावच्या पुढं, मेन रोडपासून दीड किलोमीटर आत. मोठी मुलगी गावच्या सरकारी मराठी शाळेत सातवीला आहे. गावात सातवीपर्यंतच शाळा, त्यामुळं आठवीला बाहेर घालावंच लागणार. मिस्टर उद्यमबागेत फौंड्रीत आहेत, शिफ्ट ड्युटी. त्यांचं म्हणणं अनगोळच्या पलीकडं एक इंग्लिश मिडीयम शाळा आहे, नाव मोठं आहे, तिथं घालूया, सकाळी मी गाडीवरनं सोडतो, येताना बसनं येईल. सासूबाई म्हणतात शेजारच्या गावचं हायस्कूल काय वाईट आहे, तीन किलोमीटर तर आहे. मुलीला मात्र मैत्रिणीबरोबर कॅम्पाच्या बाजूच्या मराठी हायस्कूललाच जायचंय. मला कधी वाटतं शहरात एक खोली भाड्यानं घ्यावी आणि पोरांना घेऊन राहावं. धाकटा तिसरीत आहे. रात्री झोप लागत नाही. काय करू?"

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. शाळांबद्दल तुम्ही भरपूर लिहिलंय, फी लिहिली, रिझल्ट लिहिला, युनिफॉर्मचा रंगसुद्धा लिहिलाय, पण तुमच्या फाट्यावर सकाळी बस किती वाजता येते आणि संध्याकाळी शहरातून तुमच्याकडं येणारी बस किती वाजता सुटते हे सबंध पत्रात कुठं नाही. हे तुमचं एकटीचं नाही हो, मी तीस वर्षं शहरातल्या हायस्कूलात शिकवलं, ॲडमिशनला आलेल्या शंभरातल्या नव्वद पालकांनी मला फी विचारली, रिझल्ट विचारला, शाळा सुटायची वेळ मात्र फार थोड्यांनी विचारली. आणि जूनमध्ये शाळा सुरू झाली की तीच मंडळी दारात उभी, बाई आमच्या पोरीला पंधरा मिनिटं आधी सोडा की, बस जाते म्हणून.

माझ्या वर्गात खिडकीकडच्या बाकावर कायम बाहेरगावच्या मुली बसायच्या. मी बसवायची नाही, त्याच बसायच्या, कारण तिथनं रस्ता दिसायचा. शेवटच्या तासाला मी फळ्यावर गणित लिहितेय आणि त्यांचं अर्धं लक्ष बाहेर. एकदा एक हुशार मुलगी, अगदी पहिल्या तिघांतली, मध्येच उठून रडवेली होऊन म्हणाली, "बाई, बस जाऊलालीय, सोडा की." ती बस गेली की पुढची दीड तासानं होती. त्या दिवसापासून शेवटच्या तासाला नवीन धडा घ्यायचा मी बंद केला. पण सगळ्यांना ते जमत नाही, वेळापत्रकात गणित शेवटी आलं की आलं, आणि मग त्या पोरीचं वर्षभर गणित शेवटच्या दहा मिनिटांना सुटतं. मार्क कमी पडले की घरात म्हणणार लक्ष देत नाही.

म्हणून मी आधी तुमच्या मिस्टरांच्या पर्यायाचं बोलते, कारण तिथंच सगळ्यात जास्त अडचण दिसतेय मला. त्यांना पोरीला चांगलं मिळावं असं मनापासून वाटतंय, ते चांगलंच आहे. पण ते सकाळी सोडणार कसे? फर्स्ट शिफ्ट असली तर त्यांना सातच्या आत गेटवर हजर व्हावं लागत असेल, म्हणजे पोरगी साडेसहाला शाळेच्या बंद फाटकासमोर उभी. सेकंड शिफ्ट असली तर ते कामाला दुपारी निघणार, म्हणजे सकाळी फक्त तिला सोडायला वेगळी फेरी. नाईट असली तर रात्रभर भट्टीजवळ उभा राहिलेला माणूस झोपेच्या डोळ्यानं घरी येणार आणि परत तिला मागं बसवून सबंध शहर ओलांडणार, हे तर मी करूच देणार नाही. ज्या सोयीत माणसाची शिफ्ट दर आठवड्याला बदलते ती सोय धरून तीन वर्षांचा निर्णय घ्यायचा नसतो.

मग राहिली बस. तुमच्या गावातून फाट्यापर्यंत चालत वीस मिनिटं, फाट्यावर थांबणं, बसनं सीबीटीपर्यंत, म्हणजे शहरातल्या मुख्य बसस्टँडपर्यंत, तिथं उतरून अनगोळकडची दुसरी बस शोधायची, तिची वाट बघायची, आणि मग रेल्वे लाइन ओलांडून पलीकडं. टिळकवाडीत दुसऱ्या गेटाचं फाटक पडलं की काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्या मिस्टरांना विचारा, ते रोज त्या बाजूला जातात. मी सगळं धरून एका बाजूला दीड तास म्हणते, आणि हे कमीत कमी. दोन्ही बाजूंनी तीन तास. आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, सहावी ते आठवीला वर्षाला २२० दिवस शाळा आणि १००० तास शिकवणं असं धरलंय. २२० दिवस रोज तीन तास म्हणजे ६६० तास. हजार तास शिकायला पोरगी ६६० तास रस्त्यावर. मी हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही, कागद घेऊन मिस्टरांच्या शेजारी बसा आणि दोघं मिळून हा हिशेब करा, तुमचे आकडे घाला, माझे नकोत.

आणि दोन बसमधलं ते थांबणं आहे ना, ते घड्याळात वीस मिनिटं दिसतं पण तेच सगळ्यात अवघड असतं. एक बस असली आणि ती अर्धा तास लेट झाली तर अर्धा तासच लेट. दोन बस असल्या आणि पहिली दहा मिनिटं लेट झाली की दुसरी चुकते, आणि तुम्ही एक तास मागं पडता. शिवाय तेरा वर्षांची मुलगी संध्याकाळी साडेपाचला सीबीटीवर एकटी, हातात दप्तर, सगळ्या फलाटावर माणसंच माणसं. मला हे स्वतःच्या घरातनं माहीत आहे. माझा मुलगा पाचवीत असताना मी पण नावाला भुललेली, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत घातला त्याला, मध्ये बस बदलावी लागायची. जुलैचा महिना, धो धो पाऊस, आणि त्या शाळेनं गॅदरिंगच्या प्रॅक्टिसला पोरांना तासभर जास्त थांबवून घेतलं, घरी काही कळवलं नाही, तेव्हा मोबाईल वगैरे काही नव्हतं. त्याची दुसरी बस गेली. मी आणि हे छत्री घेऊन सगळीकडं शोधतोय आणि तो रात्री आठ वाजता स्टँडवर एका बाकावर ओल्या दप्तरावर डोकं ठेवून झोपलेला सापडला. मारलं नाही, ओरडले पण नाही, तिथंच खाली बसले आणि रडले. पुढच्या वर्षी घराजवळच्या साध्या शाळेत घातला, चांगला शिकला, आज स्वतःच्या पायावर उभा आहे. त्या मोठ्या नावानं त्याला काय दिलं असतं हे मला सांगता येणार नाही, पण तो बाक मी अजून विसरलेली नाही.

मिडीयमचं थोडक्यात सांगते, कारण तो तुमचा मुख्य प्रश्न नाही. सात वर्षं मराठीत शिकलेल्या मुलीला आठवीत एकदम इंग्लिश मिडीयमला टाकलं की विज्ञान, गणित, समाज सगळंच नव्या भाषेत येतं, आणि तिसऱ्या वर्षी एसएसएलसी, म्हणजे दहावीची बोर्डाची परीक्षा. काही मुली निभावतात, मी बघितल्यात, पण त्यांना घरी अभ्यासाला वेळ होता. रोज तीन तास प्रवास करून परत वर इंग्लिशची नवी सवय, हे दोन्ही एकदम नको. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स, कॉमर्स घेतलं तर बहुतेक इंग्लिशमध्येच शिकावं लागतंय, त्याची तयारी आठवी ते दहावी तीन वर्षांत मराठी शाळेत राहून पण होते, तिथं इंग्लिश आणि कन्नड शिकवणारे शिक्षक कसे आहेत तेवढं मात्र नीट बघा. कन्नडकडं दुर्लक्ष करू नका हं. आपल्याकडं काही घरांत त्याचा राग धरतात, पण बसवरची पाटी कन्नडमध्ये, कंडक्टर बोलतो कन्नडमध्ये, आणि पोरीला बस वाचता आली नाही तर ती दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत राहणार. "मुंद होग्री" म्हणजे पुढं व्हा, "इळीरी" म्हणजे उतरा, "चिल्लर कोडरी" म्हणजे सुट्टे द्या, एवढं तर कळलंच पाहिजे, आणि "निल्सरी", म्हणजे थांबवा, हे मोठ्यानं म्हणता आलं पाहिजे, नाहीतर फाटा मागं राहतो. धाकट्याला पण आत्तापासनंच पाट्या वाचायला लावा, बसमध्ये बसलं की हा खेळच करा त्याच्याबरोबर.

आता सासूबाईंचं. त्यांचं बोलणं असंच टाकून देऊ नका, मला ते बरंच पटतं. आरटीईच्या नियमांत सहावी ते आठवीच्या मुलांना शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी असं म्हटलंय, म्हणजे तीन किलोमीटर हे काही अघोरी अंतर नाही, सायकल असली तर पंधरा-वीस मिनिटं. जाऊन बघा तिथं. गणित आणि विज्ञानाला कायमचा शिक्षक आहे काय, की एकच माणूस सगळं ओढतोय? मुलींचं टॉयलेट चालू आहे काय, त्यात पाणी आहे काय? हे लाजून सोडू नका, स्वतः आत जाऊन बघा. बऱ्याच मुली शाळेत टॉयलेट धड नाही म्हणून आणि लांबचा प्रवास आहे म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत, मग डोकं दुखतं, लघवीला जळजळ होते आणि घरात कुणाला कळत नाही. तुमच्या गावच्या अजून किती मुली तिकडं जातात तेही बघा, चार-पाच जणींचा घोळका असला तर रस्त्याची काळजी निम्मी होते. एकटीच असली तर शेतातल्या रस्त्यानं तीन किलोमीटर, जुलैच्या पावसात आणि डिसेंबरच्या संध्याकाळी, मी पण विचार करीन.

आणि आता मुलीची निवड, कॅम्पाच्या बाजूचं हायस्कूल. मला तुमच्या पत्रातलं हेच सगळ्यात जमण्यासारखं वाटतं, आणि ते मैत्रीण आहे एवढ्याचसाठी नाही, तरी मैत्रीण ही मोठी गोष्ट आहे, दोघी असल्या की एक बस चुकली तर दोघींची चुकते आणि दोघी धीर धरतात. खरं कारण असं की तुमची बस हिंडलग्यावरून त्याच बाजूनं शहरात शिरते. शाळा तुमच्या बाजूला आहे, सीबीटीच्या अलीकडं. एक बस, बदली नाही, गर्दीच्या मधल्या भागात शिरायच्या आधीच उतरायचं. बाहेरगावच्या प्रत्येक आईला मी हेच सांगत आलेय, तुमची बस ज्या बाजूनं शहरात येते त्या बाजूची शाळा आधी बघा. खानापूर रोडवरनं येणारे मच्छे, पिरनवाडीचे लोक टिळकवाडी बघू देत, सांबऱ्याकडचे त्यांच्या बाजूचं बघू देत. शहर छोटं वाटतं, पण एका टोकाकडनं दुसऱ्या टोकाला जायचं तर सगळं मध्येच येऊन अडकतं.

पण नुसतं मी म्हटलं म्हणून घालू नका, आधी एकदा जाऊन या, आणि याच महिन्यात. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुट्टी लागते, मग मेअखेरपर्यंत बस मोकळ्या धावतात, त्या बघून तुम्हाला वाटेल केवढी सोय आहे, आणि जूनला फूटबोर्डावर लोंबकळणारी पोरं बघून पाय थरथरतील. शाळा चालू असताना जा, शाळेच्याच वेळेला जा, मुलीला घेऊन, दप्तर भरून, खरंच जाणार तसं. फाट्यावर घरापासनं चालत जा, गाडीवरनं नको. पहिली बस भरून आली आणि थांबली नाही तर दुसरी किती वेळानं आली ते लिहून ठेवा. एक दिवस सोमवारी जा. एक दिवस मंगळवारी किंवा शुक्रवारी जा, मळेकरणी देवीला येणाऱ्या लोकांनी उचगावच्या बस कशा भरतात ते बघायला. आणि एक शनिवार धराच, कारण शनिवारी सकाळची शाळा असते, म्हणजे रोजची बस चालत नाही, त्याच्या आधीची लागते, आणि ती आहे काय हे फार थोडे लोक बघतात. मी कितीतरी मुली बघितल्यात ज्या दर शनिवारी पहिला तास चुकवायच्या आणि तो तास नेमका पीटीचा नसायचा.

पण सकाळचं अर्धंच झालं. सकाळी कसंही पोचतं माणूस, वडाप असतं, कुणाची तरी गाडी असते, दूधवाला असतो. खरा प्रश्न संध्याकाळचा. शाळा सुटते किती वाजता, स्टॉपवर पोचायला किती वेळ, तुमच्या फाट्यावर थांबणारी बस कधी, आणि ती चुकली तर पुढची कधी. हे एका कागदावर लिहून काढा. सीबीटीवर कंट्रोलरच्या खिडकीवर जाऊन विचारा, सरळ सांगतात. डिसेंबरमध्ये आपल्याकडं सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. शाळा साडेचार-पाचला सुटली, बस साडेपाचला आली, फाट्यावर उतरायला सहा-सव्वासहा, आणि पुढं दीड किलोमीटर अंधारात. तिथं कोण येणार तिला घ्यायला? हे आत्ताच घरात ठरवा. सुगीत तुम्ही सगळी शेतात असता, भात काढणीला कुणाचं डोकं जाग्यावर नसतं, त्या पंधरा दिवसांत फाट्यावर जायचं काम कुणाचं? आजोबांचं? चुलत्याचं? नाव ठरलं पाहिजे. बघू, कुणीतरी जाईल असं नको.

दहावीला एसएसएलसीचे जास्तीचे वर्ग असतात, सकाळी लवकर किंवा शाळा सुटल्यावर, तेव्हा हे सगळं तासभर पुढं सरकतं. शाळेत ॲडमिशनला गेलात की हेडमास्तरांना सरळ विचारा, जास्तीचा वर्ग कधी, गॅदरिंगच्या प्रॅक्टिसला किती वाजेपर्यंत ठेवता, आणि बाहेरगावच्या मुलींना आधी सोडता काय. उत्तर कसं देतात त्यावरनंच बरंच कळतं. जी शाळा म्हणते, ते आम्ही बघून घेतो, तिथं परत एकदा विचारा. जी शाळा म्हणते, आमच्याकडं तुमच्या बाजूच्या अमुक मुली आहेत आणि त्यांची बस अमुक वाजता असते म्हणून त्यांना आम्ही अमुक वाजता सोडतो, तिथं निर्धास्त घाला.

बसच्या खर्चाचं. मुलीचं सोपं आहे, ११ जून २०२३ पासनं कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना आणि मुलींना साध्या सरकारी बसमध्ये तिकीट नाही, आधार दाखवलं की शून्य तिकीट मिळतं. ते शून्य तिकीट मात्र दरवेळी मागून घ्यायला शिकवा तिला. यात आपल्या सीमाभागातली एक गोम आहे. ओळखपत्रावर कर्नाटकातला पत्ता लागतो. आपल्याकडं कितीतरी पोरांचा जन्म आईच्या माहेरी, चंदगडला, गडहिंग्लजला, कोल्हापूरला, आणि आधार पण तिथंच काढलेलं. पत्ता महाराष्ट्रातला. तो पत्ता असेल तर शून्य तिकीट नाही. तुमच्या मुलीचं आधार आजच काढून बघा, आणि तुमचं पण बघा, कारण पहिले काही दिवस तुम्ही तिच्याबरोबर जाणारच. पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे परत द्यावे लागतात, ते पण लक्षात ठेवा, दहावीच्या धावपळीत राहून जातं. मुलाला पुढं पास लागेल, सेवा सिंधू या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करतात, शाळेकडनं त्याचा सॅट्स नंबर (विद्यार्थ्याचा सरकारी नोंदणी नंबर) आणि फीची पावती घेऊन ठेवा म्हणजे फेऱ्या होत नाहीत.

बायकांना तिकीट नाही ही फार मोठी गोष्ट झाली, माझ्या वेळच्या कितीतरी मुली फक्त बसचे पैसे नाहीत म्हणून सातवीनंतर घरी बसल्या, मी त्यांच्या घरी जाऊन आलेली आहे, आईच्या डोळ्यात पाणी आणि बापाची मान खाली. पण त्यामुळं सकाळच्या बस आता ठासून भरतात हेही खरं. फाट्यावर बस थांबत नसेल किंवा शाळेच्या वेळेला बसच नसेल तर एकट्यानं तक्रार करत बसू नका. गावातले आठ-दहा पालक जमवा, ग्रामपंचायतीचा ठराव घ्या, ज्या शाळांत मुलं जातात त्या हेडमास्तरांच्या सह्या घ्या, किती मुलं, कुठल्या फाट्यावरनं, किती वाजता, हे आकड्यानिशी लिहा आणि डेपो मॅनेजर आणि विभागीय नियंत्रक दोघांना द्या, पोच घेऊन. जूनची वाट बघू नका, मे महिन्यात द्या, शाळा सुरू व्हायच्या आधी. मुलांची संख्या लिहिलेला अर्ज आणि नुसता "आमची गैरसोय होते" असा अर्ज यात फार फरक पडतो, मी दोन्ही लिहून बघितलेत.

रिक्षा किंवा ओमनी लावायचा विचार मनात असेल तर गाडीची नंबर प्लेट पिवळी आहे काय बघा. पांढऱ्या प्लेटची म्हणजे खासगी गाडी, भाड्यानं मुलं न्यायचं परमिट तिला नसतं, काही झालं तर इन्शुरन्सला अडचण येते. आणि आत किती पोरं कोंबतात ते स्वतः उभं राहून मोजा.

कुणीतरी तुम्हाला सांगेल की शिनोळी तर जवळ आहे, हद्दीपलीकडं महाराष्ट्रातल्या शाळेत घाला. जवळ आहे खरं. पण सीमाप्रश्नावरनं काही वातावरण तापलं की सगळ्यात आधी आंतरराज्य बस बंद होतात, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या बघतोय, आणि त्या दिवशी पोरगी हद्दीच्या पलीकडं आणि तुम्ही अलीकडं. मला ते नको वाटतं. तसंच डिसेंबरमध्ये सुवर्णसौधला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असलं की शहरात बंदोबस्त आणि रस्ते वळवलेले असतात, पण ते जास्त करून हलग्याच्या बाजूला, तुमच्या बाजूला त्याचा त्रास कमी. एक नोव्हेंबरला, राज्योत्सव आणि काळा दिवस असतो तेव्हा, मात्र कुठंही न जाणं बरं.

खोलीचं म्हणाल तर आत्ता नको. सासू-सासरे, शेत, जनावरं सगळं मिस्टरांच्या शिफ्टवर टाकून तुम्ही शहरात एका खोलीत, आणि धाकट्याची चांगली चाललेली गावची शाळा तोडायची. प्रवास वाचेल पण घर दोन ठिकाणी चालवायचा खर्च आणि ओढाताण तुमच्या अंगावर येईल. पीयूसीला जर सायन्स घेतलं आणि सकाळी लवकरचे क्लास लागले तर तेव्हा विचार करा. तेव्हा आरपीडी, जीएसएस, आरएलएस यांतलं जे कॉलेज मिळेल तिथं बघावं लागेल, पण तेव्हा ती सोळा वर्षांची असेल, तीन वर्षं बसनं जाऊन आलेली असेल, बस बदलायला घाबरणार नाही. आत्ता तिला एका बसची सवय होऊ दे.

पहिला आठवडा तुम्ही बरोबर जा. दुसऱ्या आठवड्यात तिला पुढं बसू दे आणि तुम्ही मागं बसा, काही बोलू नका, ती कुठं उतरते, कंडक्टरशी कशी बोलते ते नुसतं बघा. बसमध्ये पुढच्या बाजूला बायकांजवळ उभं राहायला सांगा, कुणी अंगाला लागलं तर गप्प बसायचं नाही, मोठ्यानं ओरडायचं आणि कंडक्टरला सांगायचं, हे तिला तुमच्या तोंडनं ऐकू दे, आणि असं घरी येऊन सांगितलं तर तिची शाळा बंद होणार नाही हेही ऐकू दे, कारण बऱ्याच मुली शाळा सुटेल या भीतीनं सांगतच नाहीत. दप्तरात एका कागदावर तुमचा, मिस्टरांचा आणि शाळेचा नंबर लिहून ठेवा, १०९८ आणि ११२ पण लिहा. शाळेजवळच्या स्टॉपवर एखादं ओळखीचं दुकान धरा, स्टेशनरीचं, बेकरीचं, कुठलंही. तिथल्या बाईंना भेटून सांगा की ही आमची पोरगी, बस चुकली तर तुमच्याकडनं फोन करील. आपल्याकडं अजून कुणी नाही म्हणत नाही अशा गोष्टीला.

मिस्टरांना कसं समजवायचं तेही तुम्ही विचारलं होतं पत्राच्या शेवटी. वाद घालू नका. त्यांना एका सुट्टीच्या दिवशी नको, कामाच्या दिवशी, सेकंड शिफ्ट असताना, सकाळी मुलीबरोबर बसनं अनगोळच्या शाळेपर्यंत पाठवा. दोन बस बदलून. मग दुसऱ्या दिवशी कॅम्पाच्या शाळेपर्यंत. परत आल्यावर दोघांना चहा द्या आणि मुलीलाच बोलू द्या.

शनिवारची बस नाही असं निघालं आणि अर्ज देऊनही काही झालं नाही तर सासूबाईंच्या शाळेला घाला, मनात खंत ठेवू नका, तिथले शिक्षक चांगले असले तर पोरगी कुठंच मागं पडणार नाही. आणि ते आधारचं काम या आठवड्यातच करून घ्या, मे महिन्यात त्या केंद्रावर गावोगावच्या आया रांगेत असतात.